हुगळीवरील बिनखांबी पूल

नदी ओलांडणारा आणि नदीतून प्रवास करणारा, हे दोन वाटसरू एकाच पाण्याकडे अगदी निरनिराळ्या दृष्टीने पाहतात. पहिल्याला ते पाणी म्हणजे वाटेतील अडथळा. दुसऱ्याला तेच पाणी म्हणजे वाट. पूल हा या दोघांमधील तंट्याचा निवाडा होय, आणि तो बहुधा पहिल्याच्याच बाजूने लागतो, कारण दरबारी अर्ज करणारे, कर भरणारे आणि वर्तमानपत्रांतून तक्रारी छापणारे लोक बहुतकरून रस्त्यानेच जाणारे असतात, आणि नावाड्याचे गाऱ्हाणे पाण्यावरच्या पाण्यावरच विरून जाते. आपल्या दख्खनच्या पठारावर या तंट्याची जाणीव फारशी कोणास होत नाही. कृष्णा, भीमा, गोदावरी या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. त्यांच्या पात्रात ठिकठिकाणी काळा कातळ उघडा पडलेला असतो, आणि त्यावर पुलाचे खांब उभारताना एखाद्या आगबोटीची वाट अडेल काय, हा प्रश्न इंजिनियराच्या मनाला शिवतही नाही. कोकणच्या खाड्यांची गोष्ट निराळी. पण तेथील बहुतेक मोठे पूल इतक्या उशिरा आले, की तोवर पडावांचा आणि गलबतांचा व्यापार बराचसा मोडीत निघालेला होता. हा तंटा खऱ्या अर्थाने कोठे लढला गेला असेल, तर तो बंगालमध्ये, हुगळी नदीच्या काठी, कलकत्ता आणि हावडा या समोरासमोरच्या दोन शहरांमध्ये. आणि त्यात नदीचा पक्ष इतका प्रबळ ठरला, की पुलाला पात्रात एकही खांब रोवण्याची परवानगी मिळाली नाही. आज ज्याला सरकारी दप्तरात 'रवींद्र सेतू' आणि लोकांच्या तोंडी 'हावडा ब्रिज' म्हणतात, त्या पुलाची सारी घडण या एका अटीतून निघालेली आहे.

हुगळी ही गंगेचीच एक शाखा. मुर्शिदाबादच्या बाजूने भागीरथी या नावाने ती दक्षिणेकडे वळते आणि पुढे हुगळी होऊन सागराला मिळते. समुद्राची भरती कलकत्त्याच्याही वर पोहोचत असल्यामुळे या पाण्याला दिवसातून दोनदा उलटे वाहण्याची सवय आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास तर भरतीची एक उभी लाट भिंतीसारखी वर चढत येते, तिला बंगाली लोक 'बान' म्हणतात आणि तिच्या वेळी लहान होड्या काठापासून दूर, खोल पाण्यात नेऊन ठेवतात. या नदीच्या पूर्व काठावर १६९० मध्ये इंग्रजांची वखार वसली आणि तिची पाहता पाहता राजधानी झाली. शहर एका काठावर आणि देशाचा बाकीचा बहुतेक मुलूख दुसऱ्या काठावर, अशी ही चमत्कारिक मांडणी होती. पण पूल नसण्याचे सुख त्या शहराने एकदा चांगलेच भोगले आहे, आणि ते आपल्याच लोकांच्या कृपेने. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, मराठ्यांच्या स्वारांनी हुगळी हे गाव घेतले, आणि पश्चिम काठावरची रयत 'बर्गी आले' म्हणून नावांत बसून पलीकडे कलकत्त्याच्या आश्रयाला धावली. घाबरलेल्या इंग्रजांनी व तेथील रहिवाशांनी शहराभोवती 'मराठा खंदक' खणावयास घेतला. तो अर्धवटच राहिला आणि त्याची कधी गरजही पडली नाही, कारण खरा खंदक निसर्गाने पश्चिमेला आधीच खणून ठेवलेला होता. पुढे १७९९ च्या सुमारास तो मानवी खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड काढण्यात आला. निसर्गाचा खंदक ओलांडायला मात्र त्यानंतर पाऊणशे वर्षे लागली.

पुलाची निकड उत्पन्न झाली ती आगगाडीमुळे. १५ ऑगस्ट १८५४ रोजी ईस्ट इंडियन रेल्वेची गाडी हावड्याहून हुगळी गावापर्यंत धावू लागली. राजधानीचे स्टेशन राजधानीत नाही, हा विपर्यास कंपनीने आपल्या परीने असा सोडविला, की तिकिटाची कचेरी कलकत्त्याच्या बाजूला आर्मेनियन घाटावर उघडली आणि नदी ओलांडण्याचा आकार तिकिटातच धरला; उतारू घाटावर पैसे भरी, कंपनीच्या बोटीतून पलीकडे जाई आणि मग डब्यात चढे. उतारूंचे असे निभावले, तरी उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या मालाचे ढीग पश्चिम काठावर साचू लागले, तेव्हा बंगाल सरकारने १८६२ मध्ये रेल्वेचे मुख्य इंजिनियर जॉर्ज टर्नबुल यांजकडून अभिप्राय मागविला. टर्नबुल यांनी दिलेले उत्तर निरुत्साहकारक होते: कलकत्त्यापाशी चिखलाचा थर इतका खोल आहे, की पाया घालणे फार खर्चाचे होईल, आणि पूल झालाच तर जहाजांच्या वाहतुकीस मोठाच अडथळा होईल, तेव्हा पूल बांधायचाच असेल तर तो वरच्या अंगाला दहाबारा मैलांवर पलत्याच्या घाटाशी बांधावा, तेथे घट्ट चिकणमाती फारशी खोल नाही. सल्ला शास्त्रशुद्ध होता आणि निरुपयोगी होता. दहाबारा मैलांचा वळसा घालून कोणता गाडीवान नदी ओलांडणार?

चिखलात पाया मिळत नाही तर पाया घालूच नये, हा तोडगा सर ब्रॅडफर्ड लेस्ली यांचा. १८७१ मध्ये हावडा पुलाचा कायदा झाला, नायब राज्यपालांस सरकारी भांडवलावर पूल बांधण्याचा अधिकार मिळाला आणि पुलाची व्यवस्था नुकत्याच स्थापन झालेल्या बंदराच्या कमिशनरांकडे सोपविण्यात आली. ही शेवटची बाब दिसायला किरकोळ, पण पुढच्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासाची किल्ली तीत आहे: ज्यांचा धर्म नदीतील वाहतूक मोकळी ठेवणे हा, त्यांच्याच हाती नदीवरच्या वाहतुकीची दोरी देण्यात आली. लेस्लींचा पूल नावांचा होता. लोखंडी तराफे पाण्यावर नांगरून त्यांवर फळ्यांचा रस्ता घातलेला. लांबी १,५२८ फूट, रुंदी ६२ फूट, त्यांपैकी दोन्ही बाजूंस सात-सात फुटांच्या पायवाटा, आणि एकूण खर्च २२ लाख रुपये. पुलाचे भाग इंग्लंडात घडवून जहाजांतून आणले आणि येथे जोडले. तो पुरा होण्यापूर्वीच नदीने आपला नमुना दाखविला: १८७४ च्या मार्चमधील वादळात 'एजेरिया' नावाची आगबोट साखळदंड तोडून सुटली आणि पुलावर येऊन आदळली, तीन तराफे बुडाले आणि सुमारे दोनशे फूट लांबीचा भाग मोडला. दुरुस्ती करून त्याच वर्षीच्या १७ ऑक्टोबरला पूल रहदारीस खुला झाला, आणि १८७९ मध्ये त्यावर विजेचे दिवेही लागले; त्या काळी हिंदुस्थानात विजेचा दिवा हीच मुळी एक बघण्याची चीज होती.

हा पूल म्हणजे रस्ता आणि नदी यांमधील वेळापत्रकावर आधारलेला तह होता. मधला दोनशे फुटांचा भाग सोडवून बाजूला नेता येई, आणि त्या वाटेने आगबोटी व जहाजे वर-खाली जात. तोवर दोन्ही काठांवर गाड्या, पालख्या आणि माणसे खोळंबून राहत. १९०६ पर्यंत पूल दिवसाच उघडला जाई. पुढे तो रात्री उघडण्याची वहिवाट पडली, आणि दिवसाची रहदारी थोडी सुसह्य झाली. पण तहातले एक कलम कोणाच्याच हाती नव्हते. पूल पाण्यावर तरंगत असल्यामुळे भरतीबरोबर तो वर चढे आणि ओहोटीबरोबर खाली उतरे, आणि काठांवरून पुलावर जाणाऱ्या उताराचा चढ दर प्रहरी बदलत राही. हे ज्यांना सर्वांत जाचक झाले असेल, ते बैल. आणि बैलांची संख्या थोडी नव्हती. पुलाचा विचार करण्यासाठी बंदराच्या कमिशनरांनी नेमलेल्या समितीने रहदारी मोजविली, तेव्हा २७ ऑगस्ट १९०६ या सर्वांत गर्दीच्या दिवशी एकूण वाहनांपैकी तेरांत आठ हिस्से बैलगाड्या असल्याचे आढळून आले. विसाव्या शतकातील एका महानगराच्या मुख्य पुलाचा आराखडा बैलाच्या चालीवरून आणि गाडीच्या आखावरून ठरत होता, हे वाचून आज हसू येईल. मला मात्र त्या समितीविषयी आदर वाटतो. आपल्या शहरात काय चालते हे तिने कल्पनेने ठरविले नाही, रस्त्यावर माणसे बसवून मोजले.

या समितीपुढे सहा पर्याय होते: मोठ्या आगबोटींची तर, पाळण्यातून वाहने पलीकडे नेणारा पूल, नदीखालचा बोगदा, खांबांवरचा पूल, कमानीचा पूल आणि पुन्हा एकदा तरंगता पूल. फिरून फिरून तिने शेवटचाच पर्याय पसंत केला, तेवीस कंपन्यांकडून मसुदे मागविले, इनामही जाहीर केले. इतक्यात पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सारे कागद दप्तरात गुंडाळले गेले. लेस्लींचा पूल जो तात्पुरता तोडगा म्हणून जन्मला, तो डागडुजीवर जगत जगत जवळजवळ सत्तर वर्षे टिकला.

१९२१ मध्ये सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली. व्हिक्टोरिया मेमोरियलची इमारत ज्यांच्या कंपनीने उभारली, तेच हे उद्योगपती-इंजिनियर. बंदराचे अध्यक्ष क्लेमेंट हिंडले हे समितीतील दुसरे वजनदार नाव. खांबांचा पूल स्वस्त पडला असता, यात कोणालाच शंका नव्हती. पण हुगळी ही गाळ वाहणारी नदी, आणि अशा नदीत खांब म्हणजे प्रत्येक खांबामागे पाणी मंदावणार, मंदावलेले पाणी हातातला गाळ टाकणार, आणि आज पुलाखाली साठलेला गाळ उद्या बंदराच्या धक्क्यांपाशी वाळूचे दांडे होऊन उभा राहणार, अशी बंदराच्या इंजिनियरांची खात्री होती. कलकत्ता समुद्रापासून सव्वाशे किलोमीटरांहून अधिक आत आहे. तेथे बंदर चालते ते केवळ पात्राच्या खोलीवर, आणि ती खोली एकदा गेली तर राजधानीपद आधीच दिल्लीला गेलेल्या त्या शहराकडे काय उरेल? सर बेझिल मॉट या नामांकित इंजिनियराने एकाच उडीत नदी ओलांडणारी कमान सुचविली. १९२६ मध्ये नव्या पुलाचा कायदा झाला, १९३० मध्ये आणखी एक समिती बसली, आणि अखेरीस लंडनच्या रेंडेल, पामर अँड ट्रिटन या सल्लागार कंपनीच्या आराखड्यावर शिक्कामोर्तब झाले: काठापासून काठापर्यंत पंधराशे फूट, मध्ये एकही खांब नाही. समित्यांची ही मालिका कंटाळवाणी आहे खरी. पण पुलाची अट त्या प्रत्येक समितीतून अबाधित निघाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता पंधराशे फूट लांबीचा पोलादी रस्ता हवेत टांगायचा कसा? झुलता पूल घ्यावा, तर त्याच्या साखळ्यांचा प्रचंड ओढा धरून ठेवण्यास काठावर खडक पाहिजे. हुगळीच्या काठी हात दोन हात नव्हे, पुरुषन्‌पुरुष खोल चिखल. म्हणून निवड झाली ती कॅन्टिलिव्हर पद्धतीची, आणि तिचे मर्म समजावून सांगण्यासाठी स्कॉटलंडमधील फोर्थ पुलाचे शिल्पकार बेंजामिन बेकर यांनी १८८७ मध्ये योजलेल्या एका प्रात्यक्षिकाइतके चांगले साधन दुसरे नाही. त्यांनी दोन माणसे खुर्च्यांवर बसविली, त्यांचे हात दोन्ही बाजूंस पसरविले, हातांना काठ्यांचा तिरपा आधार दिला, बाहेरच्या हातांना विटांची ओझी अडकविली, आणि आतल्या दोन हातांच्या मध्ये एक फळी टांगून तीवर काइची वातानाबे नावाच्या तरुण जपानी इंजिनियराला बसविले. खालून कसलाही टेकू नाही, तरी मधला माणूस स्वस्थ बसलेला; कारण त्याचा भार दोघांच्या हातांतून खुर्च्यांवर उतरतो आणि हात खाली झुकू पाहतात तेव्हा बाहेरच्या विटा त्यांना मागे खेचून धरतात. हावड्याच्या पुलात खुर्चीवरच्या दोन माणसांच्या जागी काठांवरचे दोन मनोरे आहेत, रस्त्यापासून सुमारे २८० फूट उंच. विटांच्या जागी जमिनीकडील दोन भुजा, प्रत्येकी ३२५ फूट, टोकाला जमिनीत जखडलेल्या. नदीवर पसरलेल्या आतल्या भुजा प्रत्येकी ४६८ फूट. आणि वातानाबे ज्या फळीवर बसले होते तिच्या जागी मधला ५६४ फुटांचा भाग, जो दोन्ही भुजांच्या टोकांना नुसता टांगलेला आहे. या साऱ्या सांगाड्याखाली ३९ जोड टांगण्यांच्या आधाराने ७१ फूट रुंदीचा रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांस पंधरा-पंधरा फुटांच्या पायवाटा लोंबत राहतात. पात्राला स्पर्श करणारे त्यात काही नाही. इतकेच नव्हे, तर अशा पुलाची उभारणीही नदीत मचाण न बांधता, दोन्ही काठांकडून मध्याकडे पुढे पुढे सरकत करता येते. म्हणजे बांधकाम चालू असतानाही नावांची वाट मोकळी. नदीच्या पक्षाला याहून अधिक काय पाहिजे होते?

खरे कष्ट जमिनीखाली झाले. मनोऱ्यांच्या पायासाठी ज्या दोन पेट्या जमिनीत उतरविल्या, त्या तेव्हाच्या जगातील अशा पेट्यांत अतिशय मोठ्या होत्या: प्रत्येकीची लांबी सुमारे १८१ फूट, रुंदी ८१ फूट, आणि पोटात एकवीस चौकोनी विहिरी. या विहिरींतून खालचा गाळ उपसायचा आणि स्वतःच्या वजनाने पेटी खाली उतरू द्यायची, अशी रीत. हावड्याकडील पेटी सुमारे ८७ फुटांवर स्थिर झाली. कलकत्त्याकडील १०३ फुटांपर्यंत न्यावी लागली, आणि शेवटच्या टप्प्यात पाणी आत शिरू नये म्हणून दर चौरस इंचास चाळीस पौंडांच्या आसपास दाबाची हवा भरून त्या दाबात सुमारे पाचशे मजुरांकडून काम घ्यावे लागले. अशा हवेतून माणूस घाईने बाहेर आला, तर रक्तात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊन सांधे आखडतात, प्रसंगी प्राणही जातो; म्हणून बाहेर येताना दाब हळूहळू उतरविणाऱ्या कोठडीत बसून राहावे लागे. उपसलेल्या गाळातून जुने नांगर, नाणी आणि नदीने गिळलेल्या इतर वस्तू वर येत. एकदा तर खालची जमीन अकस्मात दबून सारी पेटी एका दणक्यात दोन फूट खाली गेली. त्या धक्क्याची नोंद खिदिरपूरच्या भूकंपमापकावर भूकंप म्हणून झाली आणि काठावरचे एक देऊळ कोसळले. ते पुढे पुन्हा बांधून देण्यात आले.

बांधणीचा मक्ता कलकत्त्यातील ब्रेथवेट, बर्न आणि जेसप या तीन कारखान्यांनी एकत्र येऊन घेतला, आणि १९३६ मध्ये काम सुरू झाले. पोलाद विलायतेहून येणार, असा प्रथम बेत होता. पण दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंडातील सारे पोलाद रणगाड्यांकडे आणि जहाजांकडे वळविले, आणि टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यावर भार पडला. १९०७ मध्ये मुंबईत नोंदलेल्या या कंपनीचे रूळ इंग्रजी कसोटीला उतरतील की नाही, यावर कधी काळी थट्टा झालेली होती. एकूण लागलेल्या सुमारे २६,५०० टनांपैकी २३,००० टन पोलाद याच कारखान्याने पुरविले, आणि अधिक ताण सोसणारे 'टिस्क्रॉम' नावाचे मिश्र पोलाद त्यासाठी मुद्दाम तयार केले. सारे भाग रिव्हेट ठोकून जोडलेले आहेत. मुख्य सांगाड्यात नट-बोल्ट नाहीत. वरच्या तुळईवर बसविलेल्या सरपटत्या याऱ्या आपल्यापुढचा भाग जोडत आणि मग त्याच भागावर पुढे सरकत, असे करीत दोन्ही काठांवरच्या भुजा नदीच्या मध्यावर एकमेकींना भेटायला आल्या. आणि शेवटची सांधेजोड प्रत्येकी आठशे टन क्षमतेच्या सोळा जलदाबाच्या जॅकांनी इंच इंच सरकवून साधण्यात आली. फोर्थ आणि कॅनडातील क्वेबेक हे दोन सोडले, तर त्या वेळी या जातीचा याहून लांब पल्ल्याचा पूल जगात नव्हता.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी पूल खुला झाला. लाट किंवा व्हाइसरॉय नाहीत, तोरणे नाहीत, भाषणे नाहीत. कारण आदल्याच डिसेंबरात जपानी विमानांनी कलकत्त्यावर बाँब टाकलेले होते, आणि एवढा मोठा पूल तयार झाल्याची दवंडी पिटणे म्हणजे शत्रूच्या हाती निशाण देणे होते. एकटी ट्राम त्यावरून गेली आणि रहदारी चालू झाली. याच सुमारास, जपानी सैन्य बंगालमध्ये उतरले तर त्याला वाहने मिळू नयेत म्हणून, सरकारने दक्षिण बंगालच्या किनारी मुलखातील नावा हजारोंच्या संख्येने जप्त केल्या, फोडल्या वा निकामी केल्या. कोळ्यांची जाळी काठावर पडली, भाताची ने-आण थांबली, आणि १९४३ च्या भीषण दुष्काळाला जी कारणे घडली, त्यांत या हुकुमाचीही गणना होते. नावांची वाट मोकळी राहावी म्हणून एका सरकारने तीन पिढ्या घासाघीस करून पात्रात खांब घालू दिला नाही, आणि पूल पुरा होत असतानाच त्याच सरकारने त्याच प्रांतातील नावा नाहीशा केल्या. या विसंगतीवर त्या वेळी कोणी बोट ठेवले असेल असे वाटत नाही. माणसे मरत असताना असल्या गोष्टी सुचत नाहीत.

नंतरची कथा रस्त्याच्या विजयाची आहे आणि ती सर्वांना ठाऊक असल्यामुळे थोडक्यात आटोपते. १९४६ मध्ये दिवसाची रहदारी मोजली, तेव्हा २७,४०० वाहने, १,२१,१०० पादचारी आणि २,९९७ गुरे भरली; आज वाहनेच लाखाच्या घरात गेली आहेत. जून १९६५ मध्ये पुलाला रवींद्रनाथांचे नाव मिळाले. १९९३ मध्ये ट्राम बंद झाली. बाँबना, वादळांना आणि भूकंपांना पुरून उरेल अशा बेताने बांधलेल्या या सांगाड्याला पुढे एक शत्रू असा भेटला, की ज्याची कल्पना रेंडेल, पामर अँड ट्रिटनच्या कचेरीत कोणास आली नसेल: पादचारी जाता जाता टांगण्यांच्या बुडाशी पानाच्या पिंका टाकीत, आणि त्या पिंकांतील चुना व इतर द्रव्यांनी तेथील पोलादी आवरणे २००७ ते २०११ या अवघ्या चार वर्षांत सहा मिलिमीटरांवरून तीनांवर आली. शेवटी बंदराच्या अधिकाऱ्यांना त्यांवर फायबरग्लासची आच्छादने बसवावी लागली. पुलाची देखभाल अजूनही बंदराकडेच आहे, रस्त्यांच्या खात्याकडे नव्हे.

आणि नदी? ज्या खोलीसाठी एवढा अट्टहास केला, ती खोली पुलाने राखली, पण निसर्गाने राखली नाही. गंगेचे पाणी दीर्घकाळापासून पूर्वेच्या पद्मेकडे अधिकाधिक वळत गेले होते; ते पुन्हा हुगळीत आणण्यासाठी १९७५ मध्ये फराक्क्याचा बंधारा चालू करावा लागला, आणि तरीही मोठ्या जहाजांना कलकत्त्यापर्यंत येणे अवघड होत गेल्यामुळे १९७७ मध्ये खाली हल्दियाला नवी गोदी उघडली. समुद्रगामी जहाजे तर त्याच्याही आधी खिदिरपूरच्या गोदीपाशीच थांबू लागली होती, आणि पुलाखालून भरतीच्या वेळी जेमतेम तीस फुटांची उंची मोकळी राहत असल्यामुळे ती वर येऊही शकली नसती. २००५ च्या जूनमध्ये भरतीचा अंदाज चुकलेल्या एका मालवाहू बोटीचे धुराडे पुलाच्या पोटात तीन तास अडकून बसले होते. हल्दियापासून प्रयागराजपर्यंतचा जलमार्ग १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक म्हणून कायद्याने घोषित झाला. त्यावरची वाहतूक कायद्याच्या भाषेइतकी भरदार अद्याप झालेली नाही.

तेव्हा पात्रात खांब न घालण्याचा आग्रह व्यर्थ गेला, असे म्हणावे काय? माझे मत तसे नाही. १९९२ मध्ये थोडे खाली विद्यासागर सेतू झाला, तेव्हा नव्या इंजिनियरांपाशी तारांच्या आधारावर पूल पेलून धरण्याची अगदी वेगळी विद्या होती, संगणक होते, नव्या जातीचे पोलाद होते. तरी त्यांनी मुख्य पल्ला घेतला तो ४५७ मीटरांचा, म्हणजे जुन्या मापाने बरोबर पंधराशे फूट. २०२४ च्या मार्चमध्ये मेट्रोची गाडी नदीच्या तळाखालून, सुमारे ५२० मीटरांच्या बोगद्यातून हावड्याला जाऊ लागली. शंभर वर्षांपूर्वीच्या समितीने बाजूला सारलेला पर्याय असा पुन्हा प्रकटला, आणि त्यानेही पाण्याला धक्का लावला नाही. एकदा मान्य झालेला नदीचा हक्क कलकत्त्यात नंतर कोणी नाकारला नाही. आपल्याकडे मात्र खाडीच्या तोंडाशी भराव घालताना, पात्र अरुंद करून त्यात रस्ते काढताना, पाण्याच्या बाजूने वकीलपत्र घेणारे एखादे बंदर-कमिशन आपल्या शहरांना असते तर बरे झाले असते, असे पुण्या-मुंबईचे नकाशे पाहताना वारंवार मनात येते.

मुंबईहून नागपूरमार्गे मेलने हावड्याला उतरणाऱ्या मराठी प्रवाशाला एक सुचवावेसे वाटते. स्टेशनाबाहेर पडताच टॅक्सी करून पुलावरून जाण्याची घाई करू नये; पुलावर चढले की पूल दिसत नाही, पुढच्या बसची पाठ दिसते. स्टेशनासमोरच लाँचचा धक्का आहे. तेथून आर्मेनियन घाटाचे तिकीट काढावे, आणि भर पात्रातून जाताना वर पाहावे. दोन्ही बाजूंना नजर पोहोचेल तेथवर पाणी मोकळे दिसेल, आणि ते मोकळे ठेवण्यासाठीच एवढे पोलाद वर चढविले आहे.